अळणी पंगत

पक्षी आमच्या ह्यांनी आणला होता. आज तो माझा आहे. मधे काय झालं ते मी कुणाला धड सांगितलेलं नाही, कारण सांगायला लागलं की ऐकणारा हटकून ह्यांची बाजू घेतो. लिहिताना मधे तोंड घालायला कुणी नसतं.

मी मासळीच्या धंद्यातली बाई. रत्नागिरीच्या बंदरावर पहिली पाटी उचलली तेव्हा धाकटी लेक अंगावर पीत होती. आज माझ्या बर्फाच्या पेट्या आहेत, टेम्पो आहे, गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या हॉटेलांना सुरमई आणि कोळंबी माझ्याकडून जाते. लिलावात मी पुढे आले की बोटी चालवणारे तांडेल जरा सावरून उभे राहतात. आमचे हे मोठ्या मालवाहू जहाजांवर इंजिनात होते. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. घरी आले की पाहुण्यासारखे पाटावर बसायचे. मी वाढायची. जेवून ते पडवीत आडवे झाले की मी ओट्यापाशी उभ्याउभ्या उरलेलं खायची. तीस वर्षांत ‘तू जेवलीस काय’ हे मला त्या तोंडातून ऐकू आलं नाही.

तेही मी सोडलं असतं. सगळ्यांच्या घरी तसंच होतं. पण एकदा आम्ही मुंबईला ह्यांच्या जहाजावरच्या एका साहेबाकडे जेवायला गेलो होतो. साहेबाच्या बायकोनं मला विचारलं, “तुम्ही काय करता?” मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “ही घरीच असते.” त्या आठवड्यात मी एकटीनं तीन बोटींचा माल उचलून घाटावर पाठवला होता. बाईनं पापलेट केलं होतं. पहिल्याच घासाला मला कळलं की ते चार दिवस बर्फात पडलेलं आहे.  घरीच असणाऱ्या बाईला त्यातलं काय कळणार? त्या दिवशी गिळलेला तो घास अजून माझ्या घशात आहे.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी मुंबईहून कॉकटील जातीचा पक्षी आणला. राखाडी अंग, पिवळं डोकं, गालांवर शेंदरी ठिपके, डोक्यावर तुरा. शेजारीपाजारी पोपट म्हणायचे, हे दर वेळी दुरुस्त करायचे. पिंजरा पडवीत टांगला आणि त्याच्यासमोर ह्यांची खुर्ची लागली. सकाळी चहाला बसले की मांडीवर सूर्यफुलाच्या बियांचा डबा. एकेक बी स्वतःच्या दातांनी फोडायचे, आतला दाणा ओठांत धरायचे आणि तोंड पुढे करायचे. पक्षी मान वाकडी करून तो दाणा अलगद उचलायचा. “जेवलास काय रे बाळा? अजून पाहिजे?” असं चालायचं, दुपारपर्यंत.

मी बंदरावरून मासळीच्या पाण्यानं भिजलेली यायची आणि हे बघायची. माझ्यासाठी ह्या माणसानं कधी शेंगदाणा सोलला नव्हता.

दोन वर्षांत पक्षी फुगला. छाती बोंडासारखी गोल, उडायला गेला की धाप. चोच नको तेवढी वाढायला लागली. हे म्हणायचे, “खात्यापित्या घरचा आहे.” मग शिमग्याच्या सुमारास एक दिवस तो दांडीवरून खाली उतरला आणि पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून बसला. शेपटी श्वासाबरोबर खालीवर होत होती. ह्यांचा चेहरा असा झाला होता की मी टेम्पोवाल्याला थांबायला सांगितलं आणि दोघांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टर म्हणजे घाटावरची पोर होती, माझ्या धाकटीच्या वयाची. गायी, कुत्री आणि पक्षी सगळं बघायची. तिनं पक्ष्याला टॉवेलात धरून पोट चाचपलं, वजन केलं आणि ह्यांच्याकडे बघितलं.

“काका, हा काय खातो?”

“सूर्यफुलाचं बी.”

“आणि?”

“कधी शेव. आणि बिस्किट, चहात बुडवून.”

तिनं पेन खाली ठेवलं. “काका, तुम्हाला कुणी रोज तिन्ही वेळा नुसती भजी घातली तर?”

“आवडेल त्यांना,” मी म्हटलं.

ती हसली नाही. पक्ष्याच्या यकृतावर चरबी चढली आहे, म्हणाली. सूर्यफुलात तेलच तेल, बाकी काही नाही. वर मीठ आणि चहा, म्हणजे विषच. मग तिनं कागदावर लिहून दिलं. निम्मं खाणं पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या गोळ्यांचं, पेलेट म्हणतात त्यांना. मग भाज्या: मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर, लाल भोपळा. मोड आलेले मूग. राळे, नाचणी, वरी असलं बारीक धान्य, तेही मोजकं. अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा तुकडा, फळाची एखादी फोड. चोचीला आणि हाडांना समुद्रफेस. कांदा, चॉकलेट, मीठ काही नाही. सूर्यफूल दिवसाला दोन-तीन दाणे, खाऊ म्हणून. “आणि हे हळूहळू करायचं,” ती म्हणाली. “जुनं थोडं थोडं कमी, नवं थोडं थोडं जास्त. दोन महिने लागतील. एकदम तोडायचं नाही.”

ह्यांनी शाळकरी मुलासारखी मान हलवली.

त्यांच्यानं होणार नव्हतं. सकाळी वाटीत बिया कमी घालायचे, पक्षी किंचाळायचा, अकरा वाजेपर्यंत वाटी भरलेली असायची. मेथीची जुडी पिंजऱ्यात तशीच सुकायची. समुद्रफेस म्हणून त्यांनी शहरातल्या दुकानातून प्लास्टिकच्या पाकिटातलं पांढरं हाड आणलं. मी ते हातात घेऊन बघितलं.

“हे कुठून आणलंत?”

“दुकानातून. परदेशी आहे.”

“माकुलाचं हाड आहे हे. मासळी साफ करताना मी रोज पाटीभर कचऱ्यात टाकते.”

“तू टाकतेस ते वेगळं असेल गो.”

मी दुसऱ्या दिवशी बंदरावरून दहा हाडं आणली, उकळली, पत्र्यावर उन्हात वाळवली आणि त्यांच्या खुर्चीवर ओळीनं मांडून ठेवली.  त्यांनी त्यातलं एक उचलून पिंजऱ्याला अडकवलं.

आठवड्यानं डॉक्टरनं पुन्हा वजन केलं, काहीच उतरलं नव्हतं. “असंच चाललं तर पावसाळा काढेल असं वाटत नाही,” ती म्हणाली. त्या दिवशी संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्या दारात ते कधी उभे राहत नसत.

“तू कर गो त्याचं,” म्हणाले. “माझ्यानं नाय होत. तो माझ्याकडे बघतो आणि माझा हात डब्याकडे जातो. तुला जमतं. तू माणसांना नाही म्हणू शकतेस.”

ही स्तुती होती की काय ते मला कळलं नाही, पण समोरचा माणूस गरजू होऊन दारात आला आहे हे कळलं. अशा वेळी मी घाई करत नाही. मी हात धुतले, पदराला पुसले आणि म्हटलं, “करते. पण माझ्या अटीवर. आजपासून त्याचं खाणंपिणं माझ्या हातानं. तुम्ही पिंजऱ्यात हात घालायचा नाही, काही भरवायचं नाही. मी सांगेपर्यंत.”

“किती दिवस?”

“मी सांगेपर्यंत.”

 ते म्हणाले, “बरं.” आणि बियांचा डबा आणून माझ्यासमोर ओट्यावर ठेवला.

आता मी केलं ते लिहिते. लिलावात माझी एक रीत आहे, सगळं बंदर ती ओळखतं. माल आवडला तरी मी घासाघीस करत नाही. एक आकडा सांगते आणि पाठ फिरवून चहाच्या टपरीवर जाऊन बसते. ऊन चढतं, बर्फ वितळतो, पापलेटाच्या डोळ्यावर पडदा यायला लागतो. मागून हाका येतात, मी वळत नाही. मग हाका थांबतात. तांडेल गप्प झाला की मी चहा संपवते आणि उठते. गप्प झालेला माणूस माझ्या भावाला आलेला असतो. आजवर ही रीत फसली नव्हती.

डॉक्टर पगारी आणि पोरवयाची. तिला काय माहीत, भाव कसा पाडतात? दोन महिने कोण घालवणार? मी सकाळी वाटीतल्या सगळ्या बिया काढल्या, पेलेट भरले, मेथीची काडी खोचली आणि पाठ फिरवून बंदरावर गेले.

दुपारी आले तेव्हा पेलेट सगळ्या पडवीभर. त्यानं चोचीनं एकेक उचलून बाहेर फेकला होता. आणि ओरडणं तर असं की शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी होती. हे खुर्चीत कानावर हात ठेवून बसलेले.

“एक बी दे गो त्याला. एकच.”

“अट काय ठरली?”

“अगो, तो भुकेला आहे.”

“तेच तर पाहिजे.”

मी पेलेट गोळा करून पुन्हा भरले. संध्याकाळपर्यंत तो ओरडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज बसला. मी निघाले तेव्हा पडवी शांत होती. मी मनात म्हटलं, आला भावाला.

दुपारी परतले तर हे आगरात नारळीच्या बुंध्याशी पडवीकडे पाठ करून बसले होते. पिंजऱ्याकडे बघवत नव्हतं म्हणून. पिंजऱ्यात पक्षी तळाशी होता. डोळे अर्धे मिटलेले, पिसं फुललेली, मी दार उघडलं तरी हलला नाही. पेलेट जसेच्या तसे. वाटीत त्यानं चोच घातलीच नव्हती. मी त्याला उचलला. मासळीचं वजन माझ्या हाताला काट्याशिवाय कळतं. माझ्या तळव्यावर काहीच नव्हतं, नुसती पिसं आणि आत काहीतरी फडफडत होतं.

मी ह्यांना हाक मारली नाही. रुमालात गुंडाळला, रिक्षा थांबवली आणि एकटी दवाखान्यात गेले.

ती पोर माझ्यावर कडाडली. बंदरावरसुद्धा माझ्याशी कुणी त्या आवाजात बोलत नाही. “काकू, मी हळूहळू म्हटलं होतं. त्याला ते अन्न आहे हेच कळत नाही. तुमच्यासमोर मणी भरून वाटी ठेवली तर तुम्ही भुकेनं मणी खाल? हा छोटा जीव आहे. आणखी एक दिवस गेला असता तर मेला असता.” तिनं कोमट पेज करून नळीनं थेट त्याच्या घशात सोडली. दर थोड्या वेळानं सोडत राहिली. मी बाकावर बसून राहिले.  जो मरेल पण भाव उतरवणार नाही, असा मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता, आणि तो मुठीएवढा होता.

तास-दीड तासानं त्यानं डोळे उघडले. डॉक्टरचा राग थोडा उतरला होता. “हे थव्यात राहणारे पक्षी,” ती म्हणाली. “थव्यातला एक जे खातो ते बाकीचे खातात. त्याला शिकवायचं असेल तर त्याच्यासमोर बसून तेच तुम्ही खा. तीच थाळी, तेच अन्न. बिया अजून बंद करू नका.”

घरी आले तेव्हा हे फाटकात उभे होते. पिंजरा रिकामा बघून त्यांचा जीव अर्धा झाला होता.

“काय झालं त्याला?”

मी रुमाल सोडून पक्षी दाखवला. “तुमच्या बियांनी केलं हे,” मी म्हटलं. “दोन वर्षं भरवलंत ना, यकृत थकलं. डॉक्टरच म्हणाली. मी वेळेवर नेला म्हणून वाचला.”

त्यांनी फाटकाचा खांब धरला आणि खाली बघितलं. ते खरं मानून चालले. आजही मानतात. मी खरं सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पक्ष्याबरोबर जेवायला लागले. लिलाव उरकून दहाच्या सुमारास घरी यायची, पडवीत चटई घालायची, पिंजऱ्याचं दार उघडायची आणि एका पसरट थाळीत दोघांचं वाढायची. मऊ नाचणी, चिमूटभर भात, मोडाचे मूग, शेवग्याचा पाला बारीक चिरून, गाजराचा कीस, कधी अंडं. तेल नाही, तिखट नाही, मीठ नाही. पेलेट वाटून त्याची पूड वरून भुरभुरायची. बाजूला मोजक्या बिया, रोज एखादी कमी. आणि ते अळणी मी त्याच्याकडे बघत चावायची, चव लागल्यासारखी.

पहिले काही दिवस तो थाळीच्या काठावर बसून माझं तोंड बघायचा. घास वर गेला की मान वर, खाली आला की मान खाली. मला अवघड व्हायचं. इतकी वर्षं उभ्यानं जेवले, कुणी बघणारं नव्हतं. आता एक पक्षी माझा घास मोजत होता. मग एक दिवस मी मोडाचा मूग उचलला तसा तो चालत आला आणि माझ्या बोटातूनच त्यानं तो काढून घेतला. चोचीत फिरवला, टाकला, पुन्हा उचलला आणि खाल्ला. मी हालले नाही. तोंडात नाचणी तशीच धरून बसले होते.

त्यानंतर गाडी रुळावर आली. मेथी आली, भोपळा आला. मक्याच्या कणसाचे दाणे तो कोरून खायचा. पेलेटची पूड जाडी होत होत एक दिवस अख्खा पेलेट कुडकुडल्याचा आवाज आला. डॉक्टरनं वजन करून चक्क माझी पाठ थोपटली.

बंदरावर बातमी गेलीच. माझ्या शेजारी पाटी लावणारी एक बाई आहे, तिच्या जिभेला मीठ फार. सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “काय गो, पोपटासंगती पंगत असते म्हणे तुझी. मग घोव कुठे बसतो? पिंजऱ्यात?”

“त्याला अजून बसायला शिकवायचंय,” मी म्हटलं. “तुझा शिकला काय, की अजून गुत्त्यातच जेवतो?”

 बाकीच्या दिवसभर हसल्या. पण तिनं विचारलेलं खरं होतं. हे कुठे बसत होते? हे खुर्ची घेऊन पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेले होते. तिथून आम्हाला जेवताना बघायचे.

पक्षी आता माझ्या खांद्यावर यायचा. मी फाटकातून आत आले की शीळ घालायचा. हे जवळ गेले तर तुरा आडवा करून फिस्स करायचा. त्यानं त्यांना ओळखायचं सोडलं होतं असं नाही. ज्याच्या हातून काही मिळत नाही तो त्याच्या लेखी परका. मला त्यात नवल वाटलं नाही.

वैशाखात एकदा हे म्हणाले, “आता बरा झाला ना तो. आता मलाही भरवू दे की थोडं.”

“मी सांगेपर्यंत असं ठरलं होतं.”

“मग सांग की.”

“अजून नाही.”

त्यांनी वाद घातला नाही. वाद घालायला हातात काहीतरी लागतं. पण दोन-तीन दिवसांनी पडवी झाडताना मला खुर्चीखाली सूर्यफुलाचं टरफल सापडलं. मी त्यांचा खुंटीवरचा शर्ट काढला आणि खिसा उलटा केला. दहा-बारा बिया पडल्या. मी घरात नसताना हा माणूस चोरून भरवू बघत होता, दातांनी फोडून, ओठांतून.

मला संताप आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो. मी ओट्याखालचा बियांचा डबा काढला, त्यांच्यासमोर आगरात नेला आणि सांडपाण्याच्या चरात उपडा केला. कोंबड्या धावल्या.

“परत मरायला टेकवायचाय त्याला?”

“दोनच दाणे गो. डॉक्टरच म्हणाली होती, दोन-तीन चालतात.”

“माझ्या हातून चालतात. तुमच्या हातून नाही.”

“का पण?”

तेव्हा ते बाहेर आलं. मी ठरवलं नव्हतं. साहेबाचं घर, जेवण, बाईचा प्रश्न आणि ‘ही घरीच असते’ हे सगळं मी आगरात उभी राहून बोलले. मला वाटलं होतं, हे खाली बघतील. ते माझ्याकडेच बघत राहिले, भाबडेपणानं.

“कुठला साहेब?” म्हणाले.

मी साहेबाचं वर्णन केलं. इमारत सांगितली. पापलेट सांगितलं. त्यांनी खरोखर आठवून बघितलं, कपाळाला आठ्या घालून.

“नाय आठवत,” म्हणाले. “असेन बोललो. तेव्हा सगळेच तसं बोलायचे.”

म्हणजे मी वीस वर्षं जे उराशी धरून बसले होते, ते त्यांच्याकडे नव्हतंच. भांडायला समोर कुणी नव्हतं, एक म्हातारा होता आणि रिकामा डबा. मला वाटतं, त्यांना आठवलं असतं तर मी त्या दिवशी अट सोडली असती. त्यांना आठवलं नाही.

त्यानंतरच्या तपासणीला ते बरोबर होते, पण डॉक्टर बोलली तेव्हा ते रिक्षा बघायला बाहेर गेले होते. ती म्हणाली, “काकू, आता काकांची आणि त्याची पुन्हा गट्टी जमू द्या. एकाच माणसावर पक्षी लावून ठेवणं बरं नाही. उद्या तुम्ही आजारी पडलात तर तो उपाशी राहील. सोपं आहे. त्याच्या भुकेच्या वेळी तुम्ही दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. काकांनी एकट्यानं थाळी घेऊन समोर बसायचं. चार दिवसांत घेईल हातातून.”

“बरं,” मी म्हटलं.

बाहेर ह्यांनी विचारलं, “काय म्हणाली?”

“वजन छान आहे म्हणाली.”

मग पावसाळ्यातली मासेमारीची बंदी लागली. बोटी ओढून वर घेतल्या, त्यांच्यावर माडाची झापं चढली, बंदर ओस पडलं. मी दिवसभर घरात. पूर्वी मी लिलावाला गेले की ह्यांना निदान पिंजऱ्याजवळ खुर्ची तरी ओढता यायची. आता तेही गेलं.

बंदीच्या दुसऱ्या आठवड्यात मी चटई घातली, थाळी वाढली, आणि हे आपलं ताट घेऊन आले. रिकामं ताट.

“मलाही तेच वाढ,” म्हणाले.

“अळणी आहे.”

“ठाऊक आहे.”

खारवलेल्या बांगड्याशिवाय ज्याचा घास उतरत नाही, सोलकढीत मीठ कमी पडलं तर वाटी सरकवणारा हा माणूस. मी नाचणी वाढली, मूग वाढले, शेवग्याचा पाला वाढला. ते चटईवर बसले. गुडघे दुखतात, त्यामुळे हात टेकून, दोन टप्प्यांत बसले. पहिला घास तोंडात घातला, चावला, गिळला. तोंड वाकडं केलं नाही. मग दुसरा. पक्षी माझ्या गुडघ्यावरून बघत होता. घास वर गेला की त्याची मान वर जात होती. ह्यांचा घास. मला ते दिसलं.

रोज येऊन बसायला लागले. कुणी त्यांना थव्याचं सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच. इतके दिवस पडवीच्या टोकाला बसून नुसतं बघत होते, त्यातूनच शिकले असावेत. पाचव्या की सहाव्या दिवशी त्यांनी मोडाचा एक मूग बोटाच्या टोकावर ठेवला आणि बोट चटईवर पुढे सरकवलं. पक्षी माझ्या गुडघ्यावरून उतरला. दोन पावलं त्यांच्याकडे गेला. थांबला आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

ह्यांनीही माझ्याकडे बघितलं.

“उठतेस काय जरा?” हळू म्हणाले. “पाणी आणायला म्हणून. दोन मिनिटं. मला वाटतं, घेईल तो.”

घेतला असता. मला ते त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. तो भुकेला होता, थाळी नुकतीच वाढली होती, आणि मी दाराआड गेले असते तर त्या पडवीत हातात मूग असलेला एकच माणूस उरला असता. तांब्या माझ्या शेजारी होता आणि रिकामा होता.

“माझं जेवण व्हायचंय,” मी म्हटलं.

मी शेवग्याच्या पाल्याचा घास घेतला आणि सावकाश चावायला लागले. पक्षी वळला, चालत परत आला आणि माझ्या थाळीच्या काठावर चढला. मी त्याला गाजराचा कीस दिला. ह्यांचं बोट चटईवर तसंच होतं, टोकावर मूग. हात अवघडला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि बोट मागे घेतलं नाही.

मी नाचणी पुन्हा वाढून घेतली.